तक्रार पत्र: «वेगळं काही लागत नाही» असं सांगून विकलेल्या माईकबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गायन रेकॉर्डिंगसाठी सुचवलेल्या डायनॅमिक माईकबद्दल चुकीची माहिती आणि माल परत घेण्यास नकार

महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्याच्या 9 तारखेला मी आपल्या संकेतस्थळावरून शूर एसएम7बी हा डायनॅमिक माईक घेतला. चाळीस हजारांच्या आसपासची पूर्ण रक्कम आधीच भरली. बिल, आपल्या सल्लागाराशी चॅटवर झालेलं बोलणं आणि रेकॉर्डिंगच्या दोन फायली सोबत जोडल्या आहेत. सुरुवातीलाच स्पष्ट करते की माईक खराब निघालेला नाही आणि तो बनवणाऱ्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. मी विचारलेल्या एका नेमक्या प्रश्नाला आपण चुकीचं उत्तर दिलंत, त्या उत्तरावर विसंबून मी पैसे घातले, आणि पुन्हा सहजासहजी जुळून न येणारा एक दिवस माझ्या हातून गेला.

मी कराडला राहते. घराच्या मागच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. पोटापाण्यासाठी तिथे शाळांच्या प्रार्थना, भजनी मंडळांची भजनं, निवडणुकीत रिक्षावर लावायच्या घोषणा असं पडेल ते रेकॉर्ड करते. पण गेली सहा वर्षं माझं जीव लावून चाललेलं काम म्हणजे पाटण तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गाऊन घेणं. गावोगावी गिरण्या आल्या तशी जाती कोपऱ्यात गेली. ओव्या ज्यांच्या ओठांवर आहेत त्या बायका आता पंचाहत्तरी, ऐंशी ओलांडलेल्या आहेत. त्यांचा गळा मंचावर गाणाऱ्याचा नव्हे. पहाटेच्या अंधारात घरातलं पोर उठू नये अशा बेतानं त्या आयुष्यभर गायल्या. माझ्या दृष्टीनं माईक निवडताना हीच सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि ती मी आपल्या सल्लागाराला पहिल्याच ओळीत सांगितली होती.

माझ्याकडे कंडेन्सर माईक आहे, म्हणजे बारीकातला बारीक आवाजही टिपणारा. चांगला आहे, पण माझ्या खोलीवर पत्रा आहे आणि भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी आहे. कंडेन्सर आजींच्या आवाजाबरोबर गिरणीच्या पट्ट्याची फडफड, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पत्र्यावरचे कावळे, सगळं उचलतो. भिंतींना गोधड्या टांगल्या, दाराला गादी लावली, तरी गिरणी बंद असेल तेव्हाच रेकॉर्डिंग करावं लागायचं. म्हणून डायनॅमिककडे वळले. पडद्याला गुंडाळी जोडलेली असल्यामुळे तो जड असतो, दुरून येणारे बारीकसारीक आवाज त्यात तेवढे उमटत नाहीत, आणि गाणारी व्यक्ती त्याच्याजवळ बसते म्हणून खोली मागे पडते. हे मी वाचून, ऐकून, लोकांना विचारून ठरवलं होतं. प्रश्न फक्त कोणता डायनॅमिक, एवढाच होता.

आता चॅट पाहा. त्यातला इंटरफेस म्हणजे माईक संगणकाला जोडणारी पेटी, आणि गेन म्हणजे ती माईकचा आवाज किती वाढवते ते. मी लिहिलं होतं: «गाणाऱ्या बायका ऐंशीच्या आहेत, आवाज हळू आहे. माझ्या इंटरफेसचा गेन जास्तीत जास्त 50 डेसिबल आहे. एसएम7बी त्यावर चालेल का, की मध्ये काही लावावं लागेल?» उत्तर आलं: «मॅडम, कोणत्याही इंटरफेसवर चालतो. वेगळं काही लागत नाही.» मी पुन्हा विचारलं, «नक्की ना?» उत्तर: «शंभर टक्के.»

खरं उत्तर द्यायला त्या गृहस्थांना दोन मिनिटंही लागली नसती, कारण ते बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. एसएम7बीची संवेदनशीलता उणे 59 डेसिबल, म्हणजे 94 डेसिबलचा आवाज पडद्यावर आदळला की साधारण 1.12 मिलिव्होल्ट वीज तयार होते. माझा कंडेन्सर तेवढ्याच आवाजाला 25 मिलिव्होल्ट देतो. वीसपटीहून जास्त फरक. बनवणारेच सांगतात की या माईकला निदान 60 डेसिबल गेन हवा, आणि तोही साधारण ताकदीनं बोलणाऱ्या माणसासाठी. माझ्याकडे 50 होता आणि समोर हळू गाणारी आजी. आपल्या विक्रीच्या पानावर खोक्याचा रंग आहे, वजन आहे, किती दिवसांत घरपोच मिळेल ते आहे, पण संवेदनशीलतेचा हा आकडा कुठेच नाही. मी तीनदा वर-खाली करून पाहिलं.

माईक आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोन आजींना बोलावलं. एक कोयनेच्या खोऱ्यातल्या, दुसऱ्या त्यांच्या नात्यातल्या. एसटीनं आल्या, येताना माझ्यासाठी नाचणीचं पीठ घेऊन आल्या. मी जातं भाड्यानं आणलं होतं, कारण ते फिरवल्याशिवाय त्यांना ओवी आठवत नाही. हात खुंट्याला लागला की शब्द येतात. आणि हात फिरला की सगळं अंग पुढं-मागं होतं. माईकपासून कधी चार बोटांवर, कधी वीतभर लांब. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलनं उतरते, चौपट झालं की 12नं. शिवाय अगदी जवळ आल्या की खर्ज फुगतो, मागे गेल्या की आवाज पातळ होतो. आजींना «हलू नका» म्हणणं म्हणजे «गाऊ नका» म्हणण्यासारखंच आहे. मी माईकच्या मागची खर्ज कापणारी कळ लावली, माईक थोडा तिरका केला, त्यानं टोनचा चढउतार बराच आवरला. पण मूळ पातळीच नव्हती त्याला मी काय करणार? गेनची चावी शेवटपर्यंत फिरवलेली, आणि संगणकाच्या पडद्यावर सगळ्यात मोठ्या जागी लेव्हल उणे 34 डेसिबलला टेकत होती.

त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत आम्ही 43 ओव्या घेतल्या. पहिल्या देवाच्या, मग माहेरच्या, भावाच्या, आणि शेवटी थोरल्या आजींनी त्यांच्या गेलेल्या लेकीवरच्या सात ओव्या गायल्या. त्या त्यांनी याआधी कुणासमोर गायल्या नव्हत्या असं त्यांनीच सांगितलं. मी हेडफोनमध्ये ऐकत होते आणि मला खालून येणारी खरखर कळत होती, पण त्या वेळी त्यांना थांबवण्याची माझी छाती झाली नाही. रात्री पातळी 22 डेसिबलनं उचलली तेव्हा आजींच्या आवाजाबरोबर इंटरफेसचा «श्शश्श» सगळीकडे वर आला. नळ सोडून ठेवल्यासारखा. जिथे त्या श्वास घ्यायला थांबतात, जिथे खरं तर फक्त जात्याची घरघर ऐकू यायला हवी, तिथे तोच आवाज. खरखर काढणारं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. खरखर थोडी गेली, पण «स» आणि «श» पाण्याखाली बोलल्यासारखे झाले. सोबतची पहिली फाईल त्याच ओव्यांची आहे. ती आपण स्वतः हेडफोन लावून ऐकावी अशी माझी विनंती आहे.

त्यानंतर मी आपल्या ग्राहक सेवेला तीनदा फोन केला. पहिल्यांदा सांगण्यात आलं, फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसमधून माईकला जाणारे 48 व्होल्ट, सुरू करा. डायनॅमिक माईकमध्ये चुंबक आणि गुंडाळी असते, पडदा हलला की वीज तिथेच तयार होते. बाहेरून 48 व्होल्ट दिल्यानं या माईकचा आवाज वाढत नाही. गाण्याची उपकरणं विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला एवढं माहीत असायला हवं. दुसऱ्यांदा सांगितलं, केबल बदला. बदलली, काही फरक नाही. तिसऱ्यांदा ज्या बाई बोलल्या त्या मात्र जाणकार होत्या. त्या म्हणाल्या, «याच्यासोबत बूस्टर लागतोच, सगळेच घेतात, आपल्याकडे मिळेल.» म्हणजे आपल्या कार्यालयात हे माहीत होतं. विकताना «वेगळं काही लागत नाही», आणि विकून झाल्यावर «लागतोच». हे ऐकून मला जेवढा राग आला तेवढा वाया गेलेल्या दिवसाचाही आला नव्हता.

कोल्हापूरच्या एका ध्वनिमुद्रकाकडून मी तसा बूस्टर दोन दिवसांसाठी मागून आणला. छोटी डबी आहे, माईक आणि इंटरफेसच्या मध्ये बसते, इंटरफेसचे 48 व्होल्ट स्वतः घेते आणि सुमारे 25 डेसिबलची भर घालते. त्याच खोलीत, त्याच जागी बसून, मुद्दाम आजींएवढ्याच हळू आवाजात मी स्वतः एक ओवी म्हटली. गिरणी चालू होती. दुसरी फाईल तीच आहे. आवाज भरदार आहे, तळाला शांतता आहे, गिरणी फार लांब गेल्यासारखी वाटते. म्हणूनच म्हणते की माईकमध्ये दोष नाही. योग्य साथ मिळाली तर माझ्या कामाला तो चांगला आहे.

आपल्या पानावरच्या आणखी दोन गोष्टी बदलायला हव्यात. तिथे या माईकला «नॉइज कॅन्सलेशन» असल्याचं लिहिलंय. असं काही त्यात नाही. तो समोरचं जास्त आणि मागचं कमी घेतो, आणि जवळून वापरला की आजूबाजूचं मागे पडतं. गाणारा हळू असेल आणि गेन वाढवावा लागला तर त्याच मापात खोलीही परत वर येते. दुसरं, «मायकल जॅक्सन याच माईकवर गायला» असं ठळक अक्षरांत आहे. 1982च्या «थ्रिलर»च्या रेकॉर्डिंगमध्ये ध्वनिमुद्रक ब्रूस स्वेडियन यांनी एसएम7 वापरला होता हे खरं, पण तो जुना एसएम7. आपण विकता तो एसएम7बी 2001 साली आला. आणि लॉस एंजेलिसच्या त्या स्टुडिओत माईकच्या मागे काय दर्जाचे प्रीअँप, म्हणजे माईकचा क्षीण आवाज वाढवणारी यंत्रं, असतील हे सांगायला नको. ती ओळ वाचून माझ्यासारखी छोट्या इंटरफेसवाली माणसं समजतात की माईक घेतला की काम झालं.

माझी गरज ऐकून प्रामाणिक माणसानं काय सांगितलं असतं? शूरचाच एसएम58 सांगता आला असता. 1966 पासून बाजारात आहे, आपल्याच दुकानात याच्या चौथ्या हिश्शाच्या किमतीत आहे, आणि त्याची संवेदनशीलता याच्यापेक्षा चार-साडेचार डेसिबलनं जास्त आहे. तेवढ्यानं सगळं भागलं नसतं, पण पैसे वाचले असते आणि त्यातून बूस्टर आला असता. गाणारी व्यक्ती सारखी पुढं-मागं होते म्हटल्यावर इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई20 आठवायला हवा होता. जवळ-लांब झाल्यावर खर्ज फुगू नये म्हणूनच त्याची रचना तशी केलेली आहे. किंवा सरळ एसएम7डीबी, जो 2023 पासून मिळतो आणि ज्याच्या आतच 18 किंवा 28 डेसिबल वाढवणारा प्रीअँप आहे. यातलं एकही नाव मला सांगितलं गेलं नाही. मला सांगितलं गेलं «शंभर टक्के».

माल परत घ्या म्हटल्यावर आपलं उत्तर आलं की सील उघडलेला माईक स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतला जात नाही. सील न उघडता माईक ऐकायचा कसा? आणि मी तो आवडला नाही म्हणून परत करत नव्हते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी किंवा ठरल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. याच नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. माझ्या आधीच्या दोन ईमेलना पोचही आलेली नाही.

मला आता माईक परत करायचा नाही, तो मला उपयोगी आहे हे मी स्वतः तपासलं आहे. मला आपल्याकडून बूस्टर हवा आहे, विनामूल्य, कारण ज्याच्याशिवाय ही वस्तू माझ्याकडे चालत नाही तो भाग तुम्ही «लागत नाही» म्हणून वगळला. त्या दिवसाचं जात्याचं भाडं आणि आजींच्या जेवण-प्रवासाचा खर्च मिळून 2,350 रुपये झाले, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत, ते द्यावेत. विक्रीच्या पानावर संवेदनशीलतेचा आकडा आणि किती गेन लागतो ते लिहावं, नॉइज कॅन्सलेशनची ओळ काढावी. आणि चुकीची माहिती दिली गेली हे मला लेखी कळवावं. बूस्टर देता येत नसेल तर माईक परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तो खोकं, फोम आणि सगळ्या जोडभागांसह माझ्याकडे नीट ठेवलेला आहे. यातलं काहीच महिन्याभरात झालं नाही तर मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दाखल करीन.

थोरल्या आजी सध्या पनवेलला मुलाकडे आहेत, कार्तिकी एकादशीनंतर गावी येणार आहेत. लेकीवरच्या त्या सात ओव्या पुन्हा म्हणाल का, असं मी त्यांना फोनवर विचारलं. «ये घेऊन तुझं यंत्र,» म्हणाल्या. मला कार्तिकीच्या आधी बूस्टर हातात हवा आहे.

आपली,
एक ग्राहक, कराड