ठाण्याची गोष्ट ठाण्यातच दिसावी

‘संग्रहालये ओस का?’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. लोकांना जुन्या वस्तूंत रस उरलेला नाही, हा त्यातला निष्कर्ष पटला नाही. मागच्या महिन्यात नातीला घेऊन भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो होतो. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या वास्तूत मातीच्या छोट्या प्रतिकृतींसमोरून ती हलेना. बागेत तो दगडी हत्ती, ज्याच्यावरून घारापुरीला ‘एलिफंटा’ नाव पडले. जेवायची आठवण शेवटी मलाच करावी लागली!

तेव्हा रस आहे, जवळ जागा हवी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेल्या इथल्या किल्ल्याचा इंग्रजांनी पुढे तुरुंग केला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये तिथूनच निसटले. क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांना १९१० मध्ये तिथेच फाशी झाली. आजही तिथे कारागृह असल्याने आत सहज जाता येत नाही, हे मान्य. पण तटाबाहेर किंवा स्थानकाजवळ एक दालन उभारायला कारागृह हलण्याची वाट कशाला पाहायची?

– एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे