गुडघा पुढे जाऊ द्या, टाच उचलू नका

मा. संपादक,

केटलबेल (वर कडी असलेला लोखंडी गोळा) छातीशी धरून स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन खाली बसणे-उठणे, शिकवताना 'गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये' अशी ताकीद व्यायामशाळांत सर्रास दिली जाते. तिने गुडघे वाचत नाहीत, कंबर मात्र भरते. गुडघा अडवला की तोल राखायला धड पुढे वाकवावेच लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात खांद्यावर बार्बेल (दोन्ही टोकांना वजने लावलेला लांब दांडा) घेतलेल्या पुरुषांच्या गुडघ्यांपुढे आडवी फळी उभी केली होती. गुडघ्यांवरचा ताण जेमतेम पाचव्या हिश्शाने उतरला, खुब्यांवरचा दहापट चढला!

खऱ्या चुका दोन: गुडघे आत कलणे आणि टाच सुटणे. तालमीतल्या बैठकीत चवड्यांवर उतरतात, कारण तिथे वजन फक्त अंगाचे असते. तीच सवय १६ किलो छातीशी धरून चालवली की माणूस पुढे कलंडतो.

पावले खांद्यांहून थोडी रुंद ठेवावीत, बोटे १५ ते ३० अंश बाहेर. कडीच्या दोन्ही उभ्या बाजू धरून केटलबेल छातीच्या हाडाला जवळजवळ टेकवावी, कोपरे खाली. ती अंगापासून दूर गेली की वरची पाठ गोल होते. पोटात श्वास भरून, खुबे आणि गुडघे एकदम मोडत, तीन सेकंदांत खाली जावे. कोपरे मांड्यांच्या आत येतात, गुडघे पावलांच्या दिशेनेच राहतात. कंबर गोल होऊन खाली वळू लागली की तिथेच थांबावे, तीच आपली खोली. उठताना नितंब आधी वर येत असतील तर वजन जास्त झाले आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखू नये, उठताना सोडत राहावा.

रिकाम्या हातांनी मागे पडणारे अनेकजण ६ किलो छातीशी धरताच नीट खाली बसतात. पुढचे वजन तोल सांभाळते. म्हणून हलक्या केटलबेलने शिकणे हा कमीपणा नव्हे. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, पाच-पाच स्क्वॉटचे तीन सेट पुरे. दहा-दहाचे तीन सेट स्वच्छ निघाले की मगच पुढचे वजन घ्यावे. १२ वरून १६ म्हणजे एका उडीत तिसरा हिस्सा वाढ, हे लक्षात असू द्यावे.

पाटावर जेवणे, आदोळीवर बसून नारळ खोवणे सुटले आणि घोटे आखडले. भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहावा. लागत नसेल तर टाचांखाली एक-दोन सेंटिमीटरची फळी घ्यावी. धावण्याचे मऊ बूट नकोत, अनवाणी बरे. मिरामारच्या वाळूत तर हा व्यायाम करूच नये, पाऊल एका बाजूला खचते.

आपल्या दमट हवेत घामाने कडी निसटते आणि खारट वाऱ्याने गंजते. प्रत्येक सेटआधी ती पुसावी, गंजलेली असेल तर घासून घ्यावी.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: १२ किलोच्या खालच्या, निदान ६ आणि ८ किलोच्या, केटलबेल ठेवा आणि शेजारी टाचेखालची एक फळी.

आपले,
व्यायाम प्रशिक्षक, फोंडा-गोवा