उद्यमबागेतल्या काकांना, राहून गेलेलं थँक्यू

काका, तोंडावर बोलायला गेलो तर तुम्ही "बास कर गा" म्हणून मशीनकडं वळणार, म्हणून इथं लिहितोय. पोरगी वाचून दाखवेल.

निपाणीचा माणूस बेळगावात नवीन कसा, असं लोकं विचारतात. अहो दिवाळीच्या कपड्यांना खडेबाजारात यायचो तेवढंच माझं बेळगाव, धंद्यात इथं कुत्रं विचारत नव्हतं. आठ महिने नुसते स्टार्टअपवाल्यांचे मीटअप केले. इथले झाले, हुबळीचे झाले, रात्रीच्या बसनं बेंगळूरला जाऊन झाले, सगळीकडं तेच, हातात कागदी कप, "मस्त आयडिया आहे, कनेक्ट राहू", आणि दुसऱ्या दिवशी मेसेजला निळ्या टिका. एका मेंटॉरसाहेबांनी तर दोन कारखानदारांशी नुसती ओळख करून द्यायला कंपनीतला पाच टक्के हिस्सा मागितला. त्यांचं कार्ड जपून ठेवलंय, टेबल डुगडुगतंय त्याच्या पायाखाली.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, तुमच्या मशीन शॉपमध्ये तसाच, न विचारता घुसलो. मी सांगितलं, मोटरच्या वायरभोवती सीटीची, म्हणजे करंट मोजायची, रिंग घालायची, जॉब कटिंगला असला की करंट चढतो, मशीन रिकामं फिरलं की उतरतो, त्यावरनं शिफ्टमध्ये खरं काम किती झालं ते मोबाईलवर दिसतं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे सेटर चहाला किती वेळा गेला ते कळणार, पोरं शिव्या घालतील तुला." सेटर म्हणजे मशीनवर जॉब लावणारा. आणि नंबर दोनच्या टर्निंग सेंटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं, पॅनल उघडून दिलंत.

पण मनात बसलंय ते त्याच्या पुढचं. कूलंटनं चिकट झालेला हात पँटला पुसून तुम्ही पलीकडच्या फौंड्रीवाल्यांना फोन लावला, कानडीत. माझं कानडी कंडक्टरपुरतं, त्यामुळं काय बोललात ते निम्मं डोक्यावरनं गेलं, पण मधेच एक ऐकू आलं, "नम्म हुडुगा रीऽ". आमचा पोरगा. ओळख होऊन चाळीस मिनिटं झाली होती काका! आडनाव विचारलं नव्हतं, आणि आपल्या भागात तर माणूस मराठी की कानडी हे आधी बघतात, मग पाणी विचारतात. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावायला मला जरा वेळच लागला.

त्या एका फोनातनं पुढं सहा शॉप माझे गिऱ्हाईक झाले, ते कसे ते लिहीत बसत नाही.

चहाला थांबवून तुम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सांगितलेलं. १८८८ ला इथंच बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं कारखान्याची जागा सोडायला लागली, मग औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. "आपल्या गावानं एकदा घालवलाय माणूस," म्हणालात आणि बशीत चहा ओतला. स्टेजवर इकोसिस्टिम इकोसिस्टिम ऐकून कान किटले होते माझे, उद्यमबागेत तो शब्द कुणी काढत नाही, पण एकाचा कॉम्प्रेसर बसला तर शेजारचा भिंतीवरनं हवेचा पाइप टाकून देतो आणि बिलाचं नाव काढत नाही, हे मी उभं राहून बघितलंय.

असो. नंबर दोनवर लावलेला माझा बॉक्स मधेच नेटवर्क सोडतोय म्हणून सेटर सांगत होता. मंगळवारी दुपारी येतोय, पॅनलची चावी काढून ठेवा. आणि चहाचे पैसे यावेळी मी देणार.