नेटवर्कच्या ताईंना, टेम्प्लेटवाल्यांकडून

ताईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

टेम्प्लेटवरून, म्हणजे तयार साच्यावरून, काढलेली व्हीएम (सॉफ्टवेअरमधली आभासी मशीन) चालू होते, लॉगिन येतं, डिस्क जागेवर, घड्याळ बरोबर, फक्त नेटवर्क नाही. असं तिकीट आलं की सर्व्हरवाले म्हणतात स्विच बघा आणि स्विचवाले म्हणतात व्हीएम बघा. तुम्ही मात्र ‘आमच्याकडून सगळं ठीक आहे’ असं लिहून तिकीट कधी परत ढकललं नाहीत. दर वेळी दोनच गोष्टी विचारल्यात: त्या व्हीएमचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) काय, आणि गेटवेचा, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराचा, एआरपी (आयपीवरून मॅक विचारणाऱ्या हाकेचं उत्तर) मिळाला का? त्या दोन प्रश्नांचे आभार मानायला हे पत्र. उघड अशासाठी लिहिलंय की टेम्प्लेट सांभाळणाऱ्या बाकीच्यांच्याही ते हाताशी राहावं.

पिंगवर, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेवर, तुमचा विश्वास नाही, हे आधी जरा तुसडेपणाचं वाटायचं. पण विंडोज फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये पिंगला उत्तरच देत नाही, आणि नव्या व्हीएमला नेटवर्क ओळखीचं वाटलं नाही की ती ‘पब्लिक’ प्रोफाइल धरून बसते. मग धडधाकट व्हीएमसुद्धा मेलेली दिसते. एआरपीचं तसं नाही. गेटवेला एक पिंग मारायचा, उत्तर येवो न येवो, आणि लगेच लिनक्सवर ‘आयपी नेबर’ किंवा विंडोजवर ‘एआरपी -ए’ चालवायचं. गेटवेच्या आयपीसमोर मॅक ॲड्रेस दिसला म्हणजे वायर, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी), पोर्ट ग्रुप (व्हर्च्युअल स्विचवरचा पोर्टांचा गट) सगळं संशयातून सुटलं. उरतात ते सबनेट मास्क, रूट, डीएनएस आणि फायरवॉल, म्हणजे सगळी आमची घरची कामं. ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘फेल्ड’ दिसलं तर खाली, वायर-व्हीलॅनच्या थरात, उतरायचं. अर्धं काम एका ओळीत संपतं.

उरलेलं अर्धं तुमच्या मॅक टेबलात, म्हणजे कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे या स्विचच्या यादीत. व्हीएमचा मॅक स्विचला दिसतच नसेल तर फ्रेम (नेटवर्कवरचा डेटाचा तुकडा) होस्टच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरच्या, बाहेर पडलेलीच नाही. अशा वेळी आधी व्हीएमच्या सेटिंगमधली ‘कनेक्टेड’ आणि ‘कनेक्ट ॲट पॉवर ऑन’ ही दोन खुणांची घरं बघायची. व्हीएमवेअरमध्ये गेस्ट कस्टमायझेशन (नव्या व्हीएमला नाव-आयपी देण्याचं काम) अर्धवट फसलं तर नेटवर्क कार्ड तुटलेलंच राहू शकतं. लिनक्समध्ये ‘टूल्सडिप्लॉयपीकेजी’ आणि विंडोजमध्ये ‘गेस्टकस्ट’ नावाच्या लॉगमध्ये त्याचं कारण सापडतं. मॅक दिसतो पण भलत्याच व्हीलॅनमध्ये, तर पोर्ट ग्रुपचा क्रमांक चुकलाय. मॅक दुसऱ्याच होस्टच्या पोर्टवर दिसतो, तर तो मॅक दोघांकडे आहे. आणि एक बारीक गोष्ट तुमच्यामुळेच कळली: टेबलातली नोंद बहुतेक स्विचवर ३०० सेकंदांनी पुसली जाते, त्यामुळे व्हीएम गप्प असेल तर ती ‘नाही’ असं वाटतं. आधी व्हीएममधून सतत पिंग चालू ठेवायचा, मग टेबल बघायचं.

‘शेजारच्या व्हीएमला पिंग जातोय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हे आमचं लाडकं वाक्यही तुम्ही मोडीत काढलंत. एकाच होस्टवरच्या, एकाच पोर्ट ग्रुपमधल्या दोन व्हीएम एकमेकींशी बोलतात तेव्हा फ्रेम वायरवर येतच नाही. व्हर्च्युअल स्विचच ती आतल्या आत पोचवतो. त्या पिंगवरून ट्रंकबद्दल काहीही सिद्ध होत नाही. दोन अपलिंकांपैकी (होस्टवरून स्विचकडे जाणाऱ्या वायरांपैकी) एकाच्याच ट्रंकवर व्हीलॅनची परवानगी राहिली असेल तर प्रकार आणखी फसवा: एकाच टेम्प्लेटच्या काही व्हीएम चालतात, काही नाही, कारण मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक व्हीएम आपल्या व्हर्च्युअल पोर्टनुसार एकाच अपलिंकला बांधलेली असते. होस्टवर ईएसएक्सटॉप (व्हीएमवेअरचं निरीक्षणाचं साधन) उघडून ‘एन’ दाबलं की कोणती व्हीएम कोणत्या अपलिंकवर आहे ते समोर येतं. मेलेल्या सगळ्या एकाच अपलिंकवर निघाल्या, तर टेम्प्लेटचा दोष नाही आणि तुम्हाला तिकीट पाठवायला आम्हाला तोंड आहे.

आता आमच्या पदरातलं पाप. टेम्प्लेट म्हणजे एका मशीनची सही-शिक्क्यासकट काढलेली नक्कल, आणि तो शिक्का कुठे कुठे लपतो हे आम्ही एकेक करून शिकलो.

सगळ्यांत फसवा शिक्का मशीन-आयडीचा, म्हणजे लिनक्स मशीनच्या ओळख-क्रमांकाचा. दोन व्हीएम, मॅक वेगवेगळे, आणि तरी डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) दोघींना एकच आयपी देतं. एक चालू झाली की दुसरी पडते. मॅक तपासून काहीच हाती लागत नाही, कारण उबुंटू सर्व्हरमध्ये १७.१० पासून नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला ओळख म्हणून मॅक देत नाही. मशीन-आयडीवरून बनवलेला डीयूआयडी नावाचा आकडा देतं. टेम्प्लेटमध्ये मशीन-आयडी भरलेला राहिला की सगळी पिलावळ सर्व्हरला एकच मशीन वाटते. याची खूण तुम्ही डीएचसीपीच्या लीज यादीत (कोणाला कोणता आयपी किती काळ दिला त्या नोंदीत) दाखवलीत: क्लायंट आयडी ०१ ने सुरू होत असेल तर पुढे मॅक आहे, एफएफने सुरू होत असेल तर डीयूआयडी. दोन व्हीएमचा एफएफवाला आकडा सारखा निघाला की शोध संपला.

उपाय सोपा आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. ईटीसीमधली मशीन-आयडी फाईल उडवायची नाही, रिकामी करायची, शून्य बाइटची. बूटच्या सुरुवातीला रूट डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडी असेल तर तात्पुरता आयडी चढवायला ती रिकामी फाईल जागेवर लागते. दुसरा खड्डा डी-बसचा (प्रोग्रामांना आपसात बोलू देणाऱ्या सेवेचा): व्हार-लिबखाली डी-बसची स्वतःची मशीन-आयडी फाईल असते. ती मूळ फाईलकडे बोट दाखवणारी लिंक असेल तर ठीक. वेगळी प्रत असेल तर पहिल्या बूटला सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) तिच्यातूनच जुना आयडी उचलतं आणि आपण रिकामी केलेली फाईल पुन्हा जुन्याच आकड्याने भरते. टेम्प्लेटला हात लावता येत नसेल तर नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) डीएचसीपीची ओळख ‘मॅक’ करायची. काम भागतं, पण बाकीच्या सेवांसाठी तो आयडी तसाच जुळा राहतो.

नेटप्लॅनचा दुसरा शिक्का क्लाउड-इनिटने (पहिल्या बूटला मशीनची सेटिंग लावणाऱ्या साधनाने) लिहिलेल्या ५० क्रमांकाच्या वायएएमएल फाईलमध्ये असतो. तिथे ‘मॅच’खाली जुन्या मशीनचा मॅक असतो, नव्या व्हीएमचा मॅक जुळत नाही, म्हणून कार्ड दिसतं पण आयपी घेत नाही. टेम्प्लेट बंद करण्याआधी ‘क्लाउड-इनिट क्लीन’ चालवून ती फाईल काढून टाकायची. उबुंटूच्या इन्स्टॉलरने क्लाउड-इनिटचं नेटवर्क बंद करणारी फाईल मागे ठेवलेली असेल तर तीही काढायची, नाहीतर नवी फाईल लिहिणारं कोणी उरत नाही.

जुन्या मशीनवरची गोष्ट वेगळी. रेड हॅट ६ च्या पिढीत यूडेव्हची (उपकरणांना नावं देणाऱ्या लिनक्सच्या सेवेची) ७० क्रमांकाची ‘पर्सिस्टंट-नेट’ नियमांची फाईल मॅकवरून कार्डाचं नाव ठरवते. नवा मॅक आला की ती म्हणते, ईटीएच० चा मालक दुसरा आहे, तू ईटीएच१. सेटिंग मात्र ईटीएच० च्या नावाने, वर त्यात ‘एचडब्ल्यूॲड्रेस’च्या ओळीत जुना मॅक. नियमांची फाईल उडवायची आणि एचडब्ल्यूॲड्रेस व यूयूआयडी या दोन ओळी काढायच्या. रेड हॅट ७ पासून नावं पीसीआय स्लॉटवरून येतात, त्यामुळे हा त्रास गेला आणि दुसरा आला: स्लॉटची मांडणी बदलली तर टेम्प्लेटमधलं ईएनएस१६० नव्या व्हीएममध्ये ईएनएस१९२ होऊन बसतं आणि प्रोफाइल जुन्या नावाची वाट बघत राहतं. ‘आयपी लिंक’मधलं नाव आणि प्रोफाइलमधलं नाव शेजारी ठेवून बघायला दहा सेकंद लागतात. ते आम्ही बघत नव्हतो, हे आता कबूल.

विंडोजबद्दल थोडक्यात. सिसप्रेप (मशीनचे शिक्के पुसणारं विंडोजचं साधन) ‘जनरलाइझ’सह चालवायचं आणि मशीन बंद करायचं. टेम्प्लेटचं कार्ड ई१००० प्रकारावरून व्हीएमएक्सनेट३ प्रकारावर नेलं असेल तर जुनं कार्ड भुतासारखं मागे राहतं आणि स्थिर आयपी अडवून धरतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते काढायचं. शिवाय व्हीएमएक्सनेट३ चा ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्समधून येतो, तेव्हा आधी टूल्स, मग कार्ड. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर डीएचसीपीचं उत्तर आलेलं नाही, किंवा दिलेला स्थिर आयपी आधीच कोणीतरी वापरतंय.

दोघांकडे एकच मॅक कसा असू शकतो, हाही तुमचाच प्रश्न. व्हीएमवेअरच्या मॅकमध्ये ००:५०:५६ नंतरचा चौथा आकडा व्हीसेंटर (सगळे होस्ट सांभाळणारा सर्व्हर) आपल्या इन्स्टन्स आयडीवरून ठरवतं, ८० हेक्समध्ये तो आयडी मिळवून. एकाच व्हीलॅनमध्ये दोन व्हीसेंटर आणि दोघांचा आयडी सारखा, तर आज ना उद्या टक्कर होते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये ००:१५:५डी नंतरचे दोन आकडे होस्टच्या आयपीवरून येतात आणि प्रत्येक होस्टकडे २५६ पत्तेच असतात; होस्टच नक्कल करून उभा केला असेल तर दोन्ही होस्ट एकाच साठ्यातून वाटप करतात.

स्थिर आयपी देण्याआधी तो आधीच कोणाकडे आहे का हे ‘एआरपिंग -डी’ने तीन वेळा हाक मारून बघायची सवयही तुम्हीच लावलीत. आणि पुसलेल्या व्हीएमचा आयपी नव्या व्हीएमला दिला, सगळं बरोबर, तरी गेटवेपलीकडून कोणी पोचत नाही, तेव्हा गेटवेच्या एआरपी टेबलात जुना मॅक बसलेला असतो. सिस्कोच्या आयओएसवर तो मूळ सेटिंगने ४ तास बसतो. आम्ही त्या ४ तासांत टेम्प्लेट तीनदा नव्याने बांधलं असतं. तुम्ही एक नोंद पुसता.

डीएचसीपीच्या साठ्याचंही असंच. चाचणीसाठी रोज ४० व्हीएम काढायच्या आणि पुसायच्या, प्रत्येकीचा मॅक नवा, लीज विंडोज सर्व्हरच्या मूळ सेटिंगप्रमाणे ८ दिवसांची: २५४ पत्ते सातव्या दिवशी संपतात. चाचणीच्या व्हीलॅनची लीज कमी करून दिलीत, आणि ‘टेम्प्लेट बिघडलंय’ ही तक्रार बंद झाली.

एमटीयूची (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या कमाल आकाराची) खूण मात्र वेगळी असते: एआरपी मिळतो, पिंग जातो, एसएसएच (दुरून लॉगिन) जोडताना अडकतं किंवा मोठी फाईल मधेच थांबते. टेम्प्लेटमध्ये ९००० लिहून ठेवलंय आणि वाटेत कुठेतरी १५०० आहे. तुकडे न करता ८९७२ बाइटचा पिंग जातो का बघायचं. ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी (पिंगच्या) हेडरचे ८ वजा. न गेल्यास १४७२ ने.

तुमच्या सूचनेवरून टेम्प्लेटच्या कामात एक बदल केलाय. साफसफाई आता शेवटच्या स्क्रिप्टमध्ये आहे आणि तिची शेवटची ओळ मशीन बंद करते, रीबूट करत नाही. कारण एकदा बूट झालं की मशीन-आयडी भरते आणि यूडेव्हची फाईल पुन्हा लिहिली जाते. पॅच लावायला टेम्प्लेट उघडलं तरी ती स्क्रिप्ट चालल्याशिवाय परत टेम्प्लेट होत नाही. तिकिटात यापुढे मॅक, होस्ट, अपलिंक, पोर्ट ग्रुप आणि ‘आयपी नेबर’चं उत्तर पहिल्याच ओळीत असेल.

एक विनंती राहिली. नव्या होस्टचे पोर्ट उघडाल तेव्हा पोर्ट सिक्युरिटीकडे (एका पोर्टवर किती मॅक चालतील त्या मर्यादेकडे) एकदा नजर टाका. मर्यादा मूळच्या १ मॅकवर राहिली, तर होस्टवरची दुसरी व्हीएम बोलताच पोर्ट बंद पडेल आणि तिकीट पुन्हा टेम्प्लेटच्याच नावाने फाटेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
टेम्प्लेट बांधणारे