चार अंपायर, पण निर्णय एकाचाच

मा. संपादक,
बेसबॉलमध्ये चार अंपायर असतात म्हणजे चौघं मिळून ठरवतात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. ज्याच्यासमोर प्ले झाला त्याचाच कॉल, आणि त्याने स्वतः विचारल्याशिवाय बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही, नियमच आहे. अर्धवट थांबवलेल्या स्विंगला (बॅटरने बॅट फिरवता फिरवता रोखली तर) मात्र होम प्लेटचा, म्हणजे बॅटरमागचा, अंपायर ‘बॉल’ म्हणाला, म्हणजे स्विंग धरला नाही, आणि कॅचरने (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याने) अपील केलं की तो बेसवरच्या सहकाऱ्याकडे बोट दाखवतो, बॅटर उजवा असेल तर फर्स्ट बेसवरच्या, डावा असेल तर थर्ड बेसवरच्या, आणि मग त्या सहकाऱ्याचं म्हणणं फायनल. ही पद्धत मला भारी आवडते, इगो नाही काही नाही.

पण २०१० साली डेट्रॉइटमध्ये अंपायर जिम जॉइसने शेवटच्या आउटला सेफ (नाबाद) दिलं आणि पिचर (चेंडू टाकणारा) गालारागाचा परफेक्ट गेम (समोरच्या एकालाही बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना) गेला, बाकी तिघं तिथेच उभे! जॉइसने नंतर व्हिडिओ बघून चूक कबूल केली, ते मोठेपणच, पण रिझल्ट काय बदलला नाही कारण व्हिडिओ रिप्ले तेव्हा फक्त होम रनपुरता (चेंडू थेट कुंपणाबाहेर गेला का, एवढ्यापुरता) होता. २०१४ पासून न्यूयॉर्कमध्ये बसलेले अंपायर असे कॉल तपासतात. आपल्याकडे क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर १९९२ मध्येच आला होता, यांना एवढी वर्षं का लागली?

– एक वाचक, पुणे