नमुना कसा घ्यायचा, हे अंगणात उभे राहून शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्षयरोग दिनानिमित्त जिल्ह्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना नमुना संकलनाचे प्रशिक्षण दिल्याची बातमी काल आपल्या जिल्हा पानावर वाचली. दीपप्रज्वलन झाले, सत्कार झाले, मान्यवरांची भाषणे झाली. रुग्णाने बेडका कुठे बसून काढायचा, त्या वेळी कर्मचाऱ्याने कुठे उभे राहायचे, डबीवर नाव कुठे लिहायचे, यातले काही तिथे कोणी प्रत्यक्ष करून दाखवले का, याबद्दल बातमीत एक शब्द नाही. मी बातमी पुन्हा वाचली, तरी सापडला नाही. सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून हे काम शिकवता येत नाही. नोकरीभर मी हेच काम केले आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, खोकला लागला. ती शेजारच्या जिल्ह्यात असते. संध्याकाळी ताप चढायचा, जेवण जाईना, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा भाच्याने तिला सरकारी दवाखान्यात नेले. खिडकीतून एक डबी बाहेर आली आणि आतून आवाज आला, "थुंकून आणा, आजी." एवढेच. कुठे, कसे, किती, काही नाही. त्या दिवशी लसीकरण होते. व्हरांडाभर बाळांना मांडीवर घेऊन बायका बसलेल्या. आक्का मुळात लाजरी. चार माणसांत खाकरणे तिला होईना. ती बायकांच्या संडासात गेली, दार लावून घेतले, खोकून पाहिले. खोकला कोरडाच आला, म्हणून तोंडात होते ते डबीत टाकून ती बाहेर आली.

संपादक महोदय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. ज्या संडासाला धड झरोका नाही, तिथे क्षयाचा संशय असलेली बाई दार लावून खोकते आणि तिच्या पाठोपाठ एखादी बाळंतीण आत जाते. खोकल्यातून उडणारे १ ते ५ मायक्रॉनचे कण बंद जागेत तासन्‌तास तरंगत राहतात. मोकळी हवा आणि ऊन मिळाले तर तेच कण विरून जातात, त्यातले जंतू मरतात. म्हणून बेडका उघड्यावर घ्यायचा, हा या कामाचा पहिला धडा आहे. संडासात नाही, व्हरांड्यात नाही, प्रयोगशाळेत तर नाहीच. हा धडा त्या खिडकीमागच्या मुलाला कोणी दिला नव्हता. मी त्याला दोष देत नाही. त्याला कामावर घेऊन डबी हातात देणाऱ्यांना देतो.

अहवाल आला निगेटिव्ह. खोकल्याचे औषध देऊन आक्काला घरी पाठवले. घरच्यांनाही वाटले, चला, सुटलो. दसरा झाला, दिवाळी आली. भाऊबीजेला मी गेलो तर ओवाळायला उठतानाच तिला धाप लागली. मी दवाखान्याचा कागद मागून घेतला. निकालाच्या आधी एक रकाना असतो, नमुना डोळ्यांना कसा दिसला ते लिहिण्याचा. त्यात एका अक्षराचे काम असते. घट्ट, पूमिश्रित बेडका असेल तर एम, रक्त असेल तर बी, आणि नुसती लाळ असेल तर एस. आक्काच्या कागदावर निळ्या शाईत स्वच्छ एस लिहिलेला होता.

म्हणजे सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्याला दिसले होते की ही लाळ आहे. त्याने तशी नोंद केली, लाळच तपासली आणि लाळेत जंतू नाहीत असे लिहून दिले. नोंद खरी होती. पण खिडकीपाशी बसलेल्याने ते अक्षर वाचले नाही, पुढे डॉक्टरांनी फक्त निकाल पाहिला, आणि "आजी, नमुना नीट आला नाही, पुन्हा द्या" हे एक वाक्य कोणाच्याही तोंडून निघाले नाही. लाळ आली तरी ती तपासून टाका, पण त्याच दिवशी रुग्णाला थांबवून चांगला नमुना मागा, असे आम्हाला बजावलेले असे. एवढे झाले असते तर माझ्या बहिणीचे औषध पावसाळ्यातच सुरू झाले असते.

मग मीच तिला दुसऱ्या केंद्रावर नेले. पहाटेचा बेडका घेतला, ट्रूनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या यंत्रावर लावला, आणि तो पॉझिटिव्ह आला. आता औषध चालू आहे, तिला बरे वाटते आहे. पण मधल्या सगळ्या दिवसांत पाच वर्षांच्या आतला नातू रोज तिच्या कुशीत झोपत होता. त्या पोराला प्रतिबंधक औषध द्यावे लागते आहे. याची भरपाई कोण करणार?

अलीकडे सगळी चर्चा यंत्रांची होते. यंत्रे चांगलीच आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीलिटरमध्ये ते साधारण ५ ते १० हजार असावे लागतात, सीबीनॅट या दुसऱ्या तशाच यंत्राला सव्वाशे-दीडशेही पुरतात. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यात बनते, बॅटरीवर चालते, प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण डबीत लाळ गेली तर लाखांचे यंत्रही लाळच तपासणार. सगळे काही त्या पहिल्या पाच मिनिटांवर अवलंबून आहे, आणि त्या पाच मिनिटांचे शिक्षण सर्वांत कमी दिले जाते.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञ बाईंनी मला पहिले कित्येक दिवस काचपट्टीला हात लावू दिला नाही. दवाखान्यामागे कडुलिंबाखाली एक बाक होता, तिथे त्या मला घेऊन उभ्या राहायच्या. आधी वारा कुठून येतो ते पाहायचे, रुग्णाला त्याप्रमाणे बसवायचे आणि आपण वारा येतो त्या बाजूला, त्याच्या पाठीमागे उभे राहायचे. समोर कधीच नाही. रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरायला लावायची. मग दोनदा खोल श्वास घेऊन सोडायला सांगायचा, तिसऱ्यांदा छाती भरून श्वास घेतला की पोटातून जोर लावून खोकायला सांगायचे. बाई स्वतः तसा श्वास घेऊन दाखवायच्या. म्हाताऱ्या माणसाचा हात धरून, "घाई नाही, बसा, पुन्हा करू," म्हणायच्या. बेडका निदान दोन मिलीलिटर तरी हवा. डबी त्याच्या हातातच उजेडाकडे धरायला लावून पाहायची, लाळ वाटली तर तिथेच पुन्हा प्रयत्न. झाकण घट्ट लावून घ्यायचे. नाव आणि क्रमांक डबीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही. "झाकणाची अदलाबदल झाली की माणसाची अदलाबदल झाली," हे त्यांचे वाक्य मला अजून पाठ आहे. दुसरी डबी घरी द्यायची, सकाळी उठल्याबरोबरच्या बेडक्यासाठी, आणि ती देताना घरच्या माणसाकडून सगळे पुन्हा वदवून घ्यायचे.

माझ्या हातून नीट व्हायला लागले असे बाईंना वाटले, तेव्हा त्या बाजूला झाल्या. त्यानंतरही मधूनच येऊन झाडाखाली उभ्या राहायच्या. याला प्रशिक्षण म्हणतात. त्याला सभागृह लागत नाही, फलक लागत नाही.

करोनाच्या वेळी नेमके हेच शिक्षण राहून गेले. ९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या काही आठवड्यांत ज्यांनी कधी स्वॅब हातात धरला नव्हता अशी मुले-मुली नमुने घ्यायला उभी राहिली. मोबाइलवर आलेली चित्रफीत पाहून ती शिकली. नाकाचा मार्ग वर डोळ्यांकडे जात नाही, तळाला धरून सरळ मागे, कानाच्या दिशेने जातो; हे हाताने शिकलेल्याला विसरता येत नाही आणि चित्रफितीत लक्षात राहत नाही. कळवळून उठलेली, नाकातून रक्त आलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली. तेव्हा साथ दारात होती, वेळ नव्हता, मान्य. आज कोणती घाई आहे?

आणि हे फक्त रुग्णाच्या भल्यासाठी नाही. नमुना घेताना आपल्या हातात नेमका कोणता आजार आहे हे माहीत नसते. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत सानंद तालुक्यातली एक बाई क्रिमियन-काँगो तापाने, म्हणजे रुग्णाच्या रक्तातूनही पसरणाऱ्या विषाणूच्या आजाराने गेली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, परिचारिकाही गेली. आजाराचे नाव पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने सांगितले, पण तोवर उशीर झाला होता. तरीही आज रक्त काढल्यावर सुईला पुन्हा टोपण बसवणारे हात मी खासगी आणि सरकारी, दोन्हीकडे पाहतो. सुई टोचली तर एचआयव्हीविरोधी औषध ७२ तासांच्या आत, खरे तर पहिल्या दोन तासांतच सुरू करायचे असते, हे कंत्राटी पोरांना विचारून पाहा. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस कितीजणांचे झालेत, तेही विचारा. ज्यांच्या हातांनी सगळे नमुने गोळा होतात तीच माणसे सभागृहाच्या यादीत नसतात. कंत्राटी तंत्रज्ञ, शिकाऊ परिचारिका, गावातून डबी घेऊन येणाऱ्या आशाताई यांना आधी बोलवा.

जाता जाता एक तक्रार आपल्याकडेही आहे. बातमीसोबतच्या छायाचित्रात एक रुग्ण नमुना देताना दिसतो आणि त्याचा चेहरा पूर्ण ओळखू येतो. गावात क्षयरोग्याच्या घरचे लग्न अजून मोडते, भाड्याची खोली जाते. हे आपल्या वार्ताहराला माहीत नसेल असे नाही. माझ्या बहिणीचे असे छायाचित्र छापले असते तर मी आपल्या कार्यालयात येऊन बसलो असतो. त्या माणसाला विचारले होते का? यापुढे असे चेहरे कृपा करून झाका. शिवाय छायाचित्रातला कर्मचारी बरोबर त्याच्या समोर, हातभर अंतरावर उभा आहे, आणि त्याचा मास्क हनुवटीवर आहे. प्रशिक्षणाच्या बातमीला हेच छायाचित्र लावले गेले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

आपल्या वार्ताहराला एक विनंती. पुढच्या वेळी कोणत्याही आरोग्य केंद्रात गेल्यावर, "बेडका कुठे घेता, ती जागा दाखवा," एवढे म्हणावे आणि जी दाखवतील तिचे, माणसांशिवाय, छायाचित्र छापावे.

जिल्हा क्षयरोग केंद्राने बोलावले तर मी तालुक्या-तालुक्यात जाऊन शिकवायला तयार आहे. मानधन नको. एका वेळी पाच-सहा जणच हवेत, मोकळी जागा, एक बाक आणि प्यायचे पाणी. माझा पत्ता आणि फोन क्रमांक पत्रासोबत आपल्या कार्यालयासाठी दिला आहे. तो छापू नये, पण आरोग्य खात्याने मागितला तर जरूर द्यावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा