बढतीच्या जागेबद्दल, सविस्तर

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

परवा आईनं फोनवर विचारलं, "लेटर आलं का गं?" मी "आलं" म्हटलं आणि तेवढ्यात छोटी रडायला लागली म्हणून बोलणं तिथंच राहिलं. तर पगार थोडा वाढला आहे, पद तेच आहे. क्वालिटी इन्चार्जची जागा दुसऱ्याला दिली. बाबा, तुम्हाला कुठलीही गोष्ट कागदावर आणि क्रमानं लागते. आईनं अर्धवट ऐकलं की तिला रात्रभर झोप लागत नाही. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे.

माझं काम नेमकं काय, हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच गेलं नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडला महिंद्रा, बॉश असे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या आजूबाजूला सुटे भाग करणाऱ्या कंपन्या गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. आमचीही तशीच सुटे भाग करणारी. तयार झालेला माल मोजायचा, मापात नसलेला बाजूला काढायचा आणि तो मापात का बसला नाही हे शोधायचं. मोजणारे पुष्कळ मिळतात. कारण शोधायला मात्र चिकाटी लागते, आणि ते काम मला मनापासून आवडतं.

मागच्या पावसाळ्यात एका हाउसिंगच्या, म्हणजे कवचासारख्या भागाच्या, बोअरचं (आतल्या गोल भोकाचं) माप बिघडायला लागलं. रोज सकाळी माझ्या टेबलावर रिजेक्शनचा ढीग, आणि तो सगळा थर्ड शिफ्टचा. गिऱ्हाईकाकडून तक्रार आली. रात्रपाळीच्या ऑपरेटरला मेमो मिळाला, झोपा काढतो म्हणून. मी प्रत्येक नगाचा नंबर आणि तो मशीनवर चढल्याची वेळ समोरासमोर मांडली. तेव्हा दिसलं की खराब नग रात्रभर येत नाहीत, जेवणाच्या सुट्टीनंतरच येतात. सुट्टीत मशीन बंद राहायचं, स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, थंड व्हायचं, आणि पुन्हा सुरू केल्यावर ते तापून स्थिर होईपर्यंत माप हलत राहायचं. मग सुट्टीनंतर आधी मशीन थोडा वेळ रिकामं फिरवायचं आणि पहिले नग एकूण एक तपासायचे असं ठरवून दिलं. तक्रार मिटली. त्या ऑपरेटरचा मेमो मागे घेतला गेला. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तो माझ्याशी काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. मला तेवढं पुरलं.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण मला नाकारण्याचं जे कारण दिलं ते रात्रपाळीचंच आहे.

साहेब वाईट नाहीत. त्यांनी केबिनमध्ये बसवून, चहा मागवून सांगितलं, "मॅडम, तुमच्या कामात काही कमी नाही. पण इन्चार्जला रात्री-अपरात्री यावं लागतं. तुमचं लेकरू लहान आहे, तुम्हाला कशाला त्रास? पुढच्या वर्षी बघू." बाबा, मला राग आला तो इथे. ही जागा भरायची आहे, रात्री यावं लागेल, तुम्ही याल का, असं मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. माझ्या वतीनं परस्पर "नाही" सांगून मोकळे झाले. मी नाही म्हटलं असतं तर निर्णय माझा होता. कदाचित हो म्हटलं असतं. ते कुणाला कळलंच नाही.

ज्याला जागा मिळाली त्याच्याबद्दल मनात काही ठेवू नका. गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, कसं धरायचं हे तो माझ्याजवळ शिकला. पोरगा हुशार आहे, कष्टाळू आहे, बातमी कळल्यावर माझ्यासमोर यायला अवघडत होता. मीच जाऊन पेढा मागितला.

कायद्याचंही वाचून काढलं, कारण तुम्ही तेच आधी विचाराल. १९४८ च्या कारखाने अधिनियमात बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कारखान्यात कामाला लावायला मनाई होती. पुढे महाराष्ट्रानं अटी घालून मोकळीक दिली. तिची स्वतःची संमती हवी, ने-आण करायला गाडी हवी, सुरक्षेची सोय हवी. म्हणजे पहिली पायरीच तिला विचारण्याची आहे. गाडीचा खर्च, बरोबर दुसरी बाई, वॉचमन ही सगळी व्यवस्था कंपनीनं करायची असते. ती करण्यापेक्षा बाईचं नाव बाजूला ठेवणं सोपं पडतं, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे. बढतीला मागच्या काही वर्षांचं रेटिंग धरतात. त्यात माझं बाळंतपणाचं वर्ष येतं. २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि ती मला एका शब्दानं न अडवता मिळाली. पण त्या वर्षी निम्मा काळ मी हजर नव्हते म्हणून रेटिंग मधलं लागलं, आणि ते अजून माझ्या नावापुढे चिकटून आहे. बाबा, तुमच्या शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तरी सेवाज्येष्ठता यादीतलं त्यांचं नाव खाली सरकत नसे. १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी, हे तुम्हाला नोकरीला लागतानाच ठाऊक होतं. त्या पद्धतीत काम करणारा आणि टाळणारा एकाच रांगेत उभे राहतात, ही तुमचीच तक्रार होती, आणि ती खरी आहे. पण यादी भिंतीवर लागायची आणि ती कुणालाही वाचता यायची. आमच्याकडे यादी साहेबांच्या मनात असते.

म्हणून तुमची ती हरकत मला फार आठवते. यादीत तुमची रुजू होण्याची तारीख चुकली होती आणि मागून लागलेले पुढे गेले होते. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत, कुणाचे पायही धरले नाहीत. सेवापुस्तकाची नक्कल जोडून मुदतीत हरकत दिलीत आणि पोचपावती घेतलीत. मीही सोमवारी एचआरला पत्र दिलं, ईमेल केला आणि छापील प्रतीवर सही-शिक्का घेतला. निवडीचे निकष लेखी मागितले आहेत. रात्री येण्याबद्दल मला विचारलं गेलं नाही हे नोंदवलं आहे, आणि गाडीची सोय असेल तर माझी संमती आहे, हेही लिहून दिलं आहे. बाळंतपणाचं वर्ष सरासरीतून वगळावं अशी विनंती केली आहे. भाषा अगदी साधी ठेवली. जावयांनी दोनदा वाचून एक कडक वाक्य काढायला लावलं.

आई, तू म्हणशील, बरंच झालं, रात्रीचं कशाला जायचं. तुला एकच विचारते. शेतावर रात्रीची लाईट असली की बाबांना सकाळी शाळा म्हणून तू विजेरी घेऊन कांद्याला पाणी भरायला जायचीस. मी तेव्हा छोटीएवढीच असेन. तुला झेपेल का, असं कुणी विचारलं होतं? घरात त्या रात्रींना काम म्हणून कुणी मोजलंसुद्धा नाही. मी मोजते. रात्रीचं काम बाईच्यानं होत नाही, हे मला निदान आपल्या घरात ऐकायचं नाही.

मामांना फोन करू नका. त्यांची ओळख वरपर्यंत आहे हे मला माहीत आहे. त्यांच्या शब्दावर जागा मिळाली तर आज जो अन्याय माझ्यावर झाला तोच मी दुसऱ्यावर केल्यासारखं होईल. आणि "नशिबात नव्हतं" असंही म्हणू नका. नशिबाचं म्हटलं की विचारायला कुणी उरत नाही.

उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर सिन्नर आणि गोंदे इथल्या दोन कंपन्यांत अर्ज करणार आहे. सगळे चाकणला जा म्हणतात. तिथे संधी जास्त आहेत, पगारही बरा. पण यांची नोकरी इथे आहे, आणि मला चांदवडपासून एवढं लांब जायचं नाही. हे तुमच्यावर उपकार म्हणून सांगत नाही. तुमच्याजवळ राहायची मलाच ओढ आहे.

तोवर काम नेहमीसारखंच करते आहे. मोजमापात कसूर करण्याइतकी मी कुणावर रागावलेली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं येतो. बाबांच्या मोतीबिंदूच्या तारखेचं तेव्हाच नक्की करू, मी रजा टाकून ठेवली आहे. आणि आई, गल्लीत कुणी विचारलं की ताईचं प्रमोशन झालं का, तर विषय टाळू नकोस. "झालं नाही, तिनं लेखी विचारलंय, उत्तराची वाट बघतोय," असं सरळ सांग.

तुमची,
ताई